जबडा मजबूत, पण कामाला किती?
बुल टेरिअर वर्गातील कुत्रे राखण आणि शिकारीसाठी खरोखर उपयुक्त आहेत का?

पालघर तालुक्यातील माकुणसार, केळवे, माहीम हा किनाऱ्यालगतचा भाग नारळ, पानवेल आणि भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी ओळखला जातो. वाडी म्हटली की राखण आली आणि राखण म्हटली की कुत्रा आला. पिढ्यान्‌पिढ्या हे काम गावठी कुत्र्याने केले. मात्र शहरातून गावाकडे येणाऱ्या आणि फार्महाऊस बांधणाऱ्या अनेकांना आता पिटबुल किंवा बुल टेरिअरसारख्या जातींचे आकर्षण वाटते. 'हा कुत्रा असला की चोर फिरकणार नाही, रानडुक्करही टिकणार नाही,' अशी त्यामागची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे पिल्लू घरी आणण्यापूर्वीच तपासलेले बरे.

झुंजीतून घडलेली जात

या कुत्र्यांचा इतिहास इंग्लंडमधील रक्तरंजित खेळांशी जोडलेला आहे. बांधलेल्या बैलावर किंवा अस्वलावर कुत्रे सोडण्याचा खेळ तेथे लोकप्रिय होता. १८३५ च्या कायद्याने त्यावर बंदी आली. तेव्हा शौकिनांचे लक्ष कुत्र्यांच्या आपसांतील झुंजींकडे आणि उंदीर मारण्याच्या शर्यतींकडे वळले. त्यासाठी बुलडॉगची पकड आणि टेरिअरची चपळाई यांचा संकर करण्यात आला. याच संकरातून पुढे बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८६० च्या सुमारास पांढरा बुल टेरिअर घडवला. स्टॅफर्डशायर बुल टेरिअरला १९३५ मध्ये ब्रिटिश केनेल क्लबची मान्यता मिळाली. अमेरिकेत गेलेल्या वंशातून पिटबुल निर्माण झाला.

म्हणजेच या जातींत निवड झाली ती पकडीची, वेदना सोसण्याच्या ताकदीची आणि माघार न घेण्याच्या वृत्तीची. माग काढणे, गुरे वळवणे किंवा मालकाच्या खुणेवर काम थांबवणे हे गुण निवडीच्या केंद्रस्थानी नव्हते. कामाच्या दृष्टीने ही त्यांची पहिली मर्यादा ठरते.

शिकारीत नेमके काम कोणते?

अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रेलियात रानडुकरांच्या शिकारीत असे कुत्रे आजही वापरले जातात. अर्जेंटिनात १९२० च्या दशकात अंतोनियो नोरेस मार्तिनेझ यांनी याच कामासाठी डोगो अर्जेंटिनो ही जात विकसित केली. तिच्या रक्तातही बुल टेरिअरचा अंश आहे. परंतु या शिकारीत कामाची वाटणी असते. वास काढणारे, भुंकून डुक्कर रोखून धरणारे कुत्रे वेगळे असतात. बुल वर्गातील कुत्रा अगदी शेवटी सोडला जातो. त्याने कान किंवा गाल धरून डुकराला जखडून ठेवायचे असते. सुळ्यांपासून बचावासाठी त्याला जाड संरक्षक जाकीटही घालावे लागते. थोडक्यात, तो मोठ्या साखळीतील एकच कडी आहे. एकटा सोडल्यास तो डुक्कर शोधून काढेल याची खात्री नाही आणि भिडला तर जिवंत परतेल याचीही नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

आपल्याकडे मात्र हा प्रश्न कायद्यापाशीच संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच पकडणे, पाठलाग करणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. रानडुकरावर मुद्दाम कुत्रे सोडणे त्यामुळे गुन्हा ठरू शकते. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनविभागाकडून परवानगी मिळण्याची तरतूद आहे, पण ती मागून आणि अटींच्या चौकटीतच. मोकळा सोडलेला कुत्रा तर रानडुक्कर, भेकर आणि ससा असा भेद करत नाही. प्राण्यांना एकमेकांशी झुंजायला लावणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पिटबुल पाळण्याचा प्रश्नही वादाचा आहे. जुलै २०२२ मध्ये लखनऊ येथे पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात घरातील वृद्ध महिलेचा मृत्यू झाला आणि देशभर चर्चा पेटली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुलसह २३ जातींवर निर्बंध घालण्यास राज्यांना सांगणारे परिपत्रक काढले. संबंधितांची बाजू न ऐकताच ते काढल्याचे कारण देत कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. मात्र मालकाची जबाबदारी कायम आहे. कुत्र्याबाबत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

हवामान आणि वाडी

किनाऱ्याची दमट हवा हा आणखी एक अडथळा. कुत्रा धापा टाकून जिभेवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. हवेत आर्द्रता जास्त असली की हे बाष्पीभवन मंदावते. भरदार स्नायूंचा कुत्रा धावपळीत लवकर तापतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. पांढऱ्या बुल टेरिअरच्या विरळ केसांखालील त्वचा उन्हाने भाजते, शिवाय त्यांच्यात जन्मजात बहिरेपणाही आढळतो. राखणदाराला ऐकूच आले नाही, तर राखण कसली?

वाडीत उंदीर आणि घुशी मारण्यासाठी टेरिअरचा उपयोग होतो, हे खरे. पण त्यासाठी बिळाजवळ सहज वावरणारा लहान, हलका टेरिअर हवा, भारी जबड्याचा नव्हे. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून अशा कुत्र्याचे लसीकरण अत्यावश्यक ठरते. जंगलालगत बिबट्याचाही विचार करावा लागतो. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला होता. बिबट्यापुढे 'माघार न घेणे' हा गुण नसून संकट आहे.

कामाचा कुत्रा म्हणजे काय?

याचे उत्तर पालघर जिल्ह्याच्याच वेशीत सापडते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात स्फोटके शोधणारे मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर हे पोलीस कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर राहिले आणि २०१६ मध्ये एकामागोमाग गेले. त्याआधी १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून देणारा 'जंजीर' पुण्यात शिकून तयार झाला होता. हे सारे लॅब्राडोर होते. त्यांचे बळ जबड्यात नव्हते. ते नाकात आणि माणसाचे ऐकण्यात होते.

पाठलागाच्या शिकारीसाठी महाराष्ट्र आणि सीमाभागाची स्वतःची जात आहेच. कारवानी किंवा मुधोळ हाउंड सडपातळ, लांब पायांचा आणि आपल्या उन्हाला सरावलेला. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले.

बुल टेरिअर वाईट कुत्रा नाही. लहानपणापासून माणसांत वाढवला, रोज व्यायाम दिला आणि दोरीवर ठेवला, तर तो घरात प्रेमळ साथीदार ठरतो. पण वाडीच्या राखणीला वेळेवर भुंकणारा, लस टोचलेला, निर्बीजीकरण केलेला गावठी कुत्रा पुरतो. रानडुकरासाठी चांगले कुंपण आणि पीक नुकसानभरपाईचा वेळेत केलेला अर्ज अधिक कामाला येतो. राखणदाराचे काम जाग आणण्याचे असते. फाटकाशी आलेल्या पोस्टमनचा किंवा शेजारच्या पोराचा चावा घेणारा कुत्रा वाडी राखत नाही, मालकालाच कोर्टाच्या दारात उभा करतो.