दाण्यातलं पाणी मोजणारा मीटर

सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात ट्रॉली लागली की आधी विचारतात मॉइश्चर. व्यापाऱ्याचं गणित ठरलेलं: दहा-दोन-दोन, म्हणजे दहा टक्के ओलावा, दोन टक्के माती-काडी, दोन टक्के डागी. ओलावा वर गेला की भाव खाली. 2024 साली हमीभावाच्या खरेदीची मर्यादा 12 वरून 15 टक्क्यांवर न्यावी लागली, एवढा हा आकडा शेतकऱ्याला टोचतो.

जालन्यात त्याचं वजन आणखी जास्त, कारण हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. 1998 मध्ये त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ मिळालं. बियाण्यात ओलावा राहिला तर साठवणीत उगवणशक्ती जाते. म्हणून प्रमाणित बियाण्याला सरकीसाठी 10 टक्क्यांची मर्यादा, ज्वारी-बाजरीला 12. हवाबंद पाकिटात सरकी 6 टक्क्यांवर हवी.

मीटर पाणी मोजतच नाही. तो दाण्यांतून वीज सोडतो आणि तिला होणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, पाहतो. त्याचे दोन भाग: एक रोध, दुसरा धारकतेमुळे, म्हणजे वीजभार साठवण्याच्या क्षमतेमुळे, होणारा. जुना युनिव्हर्सल मॉइश्चर मीटर पहिल्यावरच चालायचा. दाणे कपात भरायचे, स्क्रूने दाबायचे, हँडल फिरवायचं, काटा वाचायचा, वर तापमानाची दुरुस्ती हाताने. यंत्र दणकट, पण दाणे फार सुके असले की रोध इतका प्रचंड होतो की काट्याला फरक कळत नाही. आणि हवाबंद पाकिटाचा 6 टक्के नेमका तिथेच येतो. शिवाय उन्हात वरून सुकलेला, आत ओला दाणाही त्याला फसवायचा.

इलेक्ट्रॉनिक्सने दुसरा भाग हाताशी आणून दिला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80 च्या आसपास, सुक्या दाण्याचा मात्र पाचाच्याही आत. त्यामुळे थोडं पाणीही धारकतेत उठून दिसतं. स्थिर आंदोलक, नेमके तापमान-संवेदक आणि मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाल्यावर मीटर स्वतःच नमुना तोलू लागला, तापमान धरू लागला, पिकानुसार तक्ता लावू लागला. कमी वारंवारतेला दाण्यातले क्षार वीज वाहून घोटाळा करतात, म्हणून अमेरिकेने 2012 पासून धान्य-तपासणीसाठी 149 मेगाहर्ट्झची पद्धत आणली.

एक खोट मात्र पडद्यावर दिसत नाही. मीटरमध्ये पीक चुकीचं निवडलं तरी आकडा दशांशासह, तेवढ्याच ठामपणे उमटतो. काट्याशी निदान वाद घालता यायचा. तक्ताच चुकीचा असला तरीही तसंच; म्हणून तक्ते अधूनमधून ओव्हनशी ताडून घ्यावे लागतात. बीज प्रयोगशाळेत सरकीचा निवाडा आजही त्याच्याकडेच: 103 अंश सेल्सिअस, सतरा तास, आधीचं आणि नंतरचं वजन. मोंढ्यात रांगेत उभ्या ट्रॉलीला सतरा तास कोण देणार? तिथे मीटरचाच शब्द चालतो.