दहावीनंतरची दिशा : मावळातील विद्यार्थी आणि व्यवसाय मार्गदर्शन

पवना नदीकाठचे शिरगाव साईबाबांच्या मंदिरामुळे ‘प्रति-शिर्डी’ म्हणून परिचित आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळून जातो, तळेगाव व चाकणची औद्योगिक क्षेत्रे फार दूर नाहीत आणि मावळची भातशेती तर दाराशीच आहे. या परिसरातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे व्यवसायांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांविषयीच्या नेमक्या माहितीची.

राज्यात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अकरावीच्या मॅट्रिकनंतर करावयाची निवड त्यामुळे एक वर्ष अलीकडे आली. निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत, केवळ टक्केवारीवरून शाखा ठरविण्याची रीत मात्र आजही रूढ आहे. गुण अधिक तर विज्ञान, मध्यम तर वाणिज्य, कमी तर कला अथवा आयटीआय! या उतरंडीत मुलाच्या आवडीला व कुवतीला स्थानच उरत नाही.

हे ध्यानी घेऊन शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा आदी क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे, हे तीतून कळे. परंतु कल म्हणजे निर्णय नव्हे. गणवेशाची ओढ असलेल्या मुलीला पोलीस शिपाई भरतीसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते, किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे कोणीतरी वेळेवर सांगावे लागते. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समज पालकांत खोल रुजला आहे.

वास्तविक या भागाला हस्तकौशल्याच्या शिक्षणाची परंपरा आहे. लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना काढला. तेथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेले. कारखाना एक, पण विद्या सर्वत्र उपयोगी पडली. याच्या शेजारी अलीकडची घटना ठेवून पाहावी. २००८ मध्ये तळेगावात सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या मोटार कारखान्यातील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले. पुढे तो कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतला. अमुक कंपनीत नोकरी, एवढेच ध्येय ठेवणाऱ्या तरुणाची अशा वेळी अडचण होते. जोडारी, यंत्रदुरुस्ती, विद्युतकाम अंगी असलेल्यास दुसरे दार शोधणे त्या मानाने सोपे जाते. मावळातील हरितगृहांत फुलणारे गुलाब परदेशी जातात. शेतकऱ्याच्या मुलाने तोही व्यवसायच मानावयास हरकत नाही. तळेगावात त्यासाठी फलोत्पादन प्रशिक्षण केंद्र आहे.

शिक्षकांनी नववीतच एखादा कारखाना, हरितगृह, रुग्णालय मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. तेथील कामगारांनाच बोलते करावे. पाहुण्यांच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. ग्रामपंचायतीने पालकांना, विशेषतः मुलींच्या मातांना, या चर्चेत बोलवावे. आणखी एक गोष्ट वरकरणी किरकोळ, पण प्रवेश हुकविणारी : जात, उत्पन्न व अधिवासाचे दाखले. निकालानंतर त्यांसाठी एकच गर्दी उसळते. तलाठी व ग्रामसेवकांनी शाळेतच शिबिर घेऊन दिवाळीच्या सुटीपूर्वी अर्ज भरून घेतल्यास जूनमधील धावपळ टळेल.