उभ्या बागेचा सौदा की मेळ्यातील गाळा?

कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात, विशेषतः श्रीनिवासपूर तालुक्यात, आंब्याचा हंगाम मोहोराबरोबर सुरू होतो. आणि अनेक छोट्या बागायतदारांपुरता तो तेथेच संपतोही. मोहोर पाहून व्यापारी उभ्या बागेचा सौदा करतो, विसार देतो आणि पुढील राखण, तोडणी व विक्री आपल्याकडे घेतो. लग्नकार्य, शाळेची फी, मागील कर्ज अशा गरजांच्या वेळी हातात रोख रक्कम पडते, म्हणून ही प्रथा टिकून आहे. मात्र फळ कधी उतरवायचे, कसे पिकवायचे आणि कोणत्या भावाने विकायचे, या तिन्ही गोष्टींवरील बागायतदाराचा अधिकार त्या सौद्याबरोबरच जातो.

या परावलंबनाची किंमत २०२५ च्या हंगामात ठळकपणे दिसून आली. तोतापुरी हे या पट्ट्यातील लगदा उद्योगाचे प्रमुख वाण आहे, आणि लगद्याचे अनेक कारखाने शेजारच्या आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात आहेत. जून महिन्यात चित्तूरच्या प्रशासनाने कर्नाटकातील तोतापुरीला प्रवेश नाकारला आणि आधीच घसरलेले भाव आणखी कोसळले. अखेरीस केंद्र सरकारने बाजार हस्तक्षेप योजनेखाली क्विंटलमागे १,६१६ रुपये भाव धरून अडीच लाख टनांपर्यंतच्या फळासाठी भावफरक देण्यास मंजुरी दिली. ही मदत आवश्यकच होती. परंतु एकच वाण आणि एकच गिऱ्हाईक यांवर विसंबलेली बाग किती असुरक्षित असते, हा धडा मदतीने पुसला जात नाही.

थेट विक्रीची परंपरा

शेतकऱ्याने ग्राहकाला थेट माल विकण्याची व्यवस्था देशाला नवी नाही. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत मदुराई येथे ‘उळवर संदै’ उभी राहिली. हे बाजार वर्षभर चालतात व मुख्यतः भाजीपाल्याचे आहेत. आंब्यासारख्या थोड्या आठवड्यांच्या फळाला मात्र हंगामी मेळा अधिक सोयीचा पडतो. कर्नाटक राज्य आंबा विकास व विपणन महामंडळ आणि फलोत्पादन विभाग यांच्या पुढाकाराने बंगळूरच्या लालबागेत भरणारा आंबा मेळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोलार, चिक्कबळ्ळापूर, रामनगर, तुमकूर या भागांतील बागायतदार तेथे स्वतःच्या गाळ्यात स्वतःचे फळ विकतात. कार्बाइड न वापरता पिकवलेले फळ ही या मेळ्याची खरी ओळख आहे. महाराष्ट्रातही राज्य कृषी पणन मंडळाचे आंबा महोत्सव याच विचाराने भरतात.

गाळ्याची तयारी बागेतच

तीन-चार एकरांच्या बागेतील कुटुंबाला मेळ्यात टिकायचे असेल, तर तयारी मेळ्याच्या आधी दोन महिने सुरू व्हावी लागते. पहिला प्रश्न वाणांचा. केवळ तोतापुरीची बाग मेळ्याला उपयोगी पडत नाही, कारण शहरी ग्राहकाला हातात घेऊन खाण्याचे फळ हवे असते. बदामी, रसपुरी, बंगनपल्ली, मल्लिका आणि उशिरा येणारा नीलम यांची थोडी थोडी झाडे असली, की फळ एकदम न येता आठवड्यागणिक हाताशी येते. नीलम व दशहरी यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या मल्लिकेला बंगळूरच्या ग्राहकांत चांगली पसंती आहे. जुन्या तोतापुरीच्या काही झाडांवर खुंटीकलम करून वाण बदलणे हा नव्या लागवडीपेक्षा लवकर फळ देणारा मार्ग होय.

दुसरा प्रश्न फळमाशीचा. बाजार समितीत अळीचे एखादे फळ ढिगात खपून जाते. गाळ्यावर मात्र तेच फळ ग्राहक दुसऱ्या दिवशी परत आणतो. तोडणीपूर्वी सुमारे दीड महिना एकरी पाच-सहा मिथाइल युजेनॉलचे सापळे लावणे आणि गळलेली फळे रोज वेचून खोल पुरणे, ही दोन कामे घरच्या माणसांनी नेमाने केली पाहिजेत.

तिसरा प्रश्न तोडणीचा. कोकणात ज्याला ‘चौदा आणे’ तयार फळ म्हणतात, तीच अवस्था बदामीलाही योग्य: देठाजवळचे खांदे वर आलेले, देठाशी किंचित खळगा पडलेला. फांद्या हलवून पाडलेले फळ वरून चांगले दिसले, तरी आतून दुखावलेले असते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्यासारख्या साधनाने, देठासह, सकाळच्या वेळी फळ उतरवावे. नंतर देठ सुमारे एक सेंटिमीटर ठेवून कापावा आणि फळ उलटे ठेवून चीक निथळू द्यावा. अन्यथा सालीवर काळे डाग पडतात. करप्यामुळे होणारी कुज रोखण्यासाठी ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे फळे बुडवण्याची शिफारस आहे. बदामी हे हापूसच्याच जातकुळीतील फळ असल्यामुळे त्यालाही साक्याचा त्रास होतो. झाडाखाली गवताचे आच्छादन ठेवल्यास जमिनीची झळ फळाला कमी लागते. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने यासाठी ‘अर्का साका निवारक’ हे द्रावणही विकसित केले आहे.

पिकवण्याच्या बाबतीत तडजोड चालत नाही. कॅल्शियम कार्बाइडच्या वायूने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत वापरता येतो. इथेफॉनच्या द्रावणात फळ बुडवणे मात्र नियमबाह्य ठरते. कक्षाची सोय नसेल, तर भाताच्या पेंढ्याची अढी हा जुनाच उपाय विश्वासाचा. अढीला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मेळ्याच्या तारखांवरून मागे मोजत तोडणीचे टप्पे ठरवावेत.

हिशेब मांडूनच निर्णय

थेट विक्रीत भाव जास्त मिळतो, एवढ्यावरून ती फायद्याची ठरत नाही. केवळ उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवरून हे पाहता येईल. समजा, बागेत १,००० किलो फळ आहे आणि उभ्या सौद्यात किलोला २० रुपये पडतात. म्हणजे विनाखर्च २०,००० रुपये. मेळ्यात तोडणी, क्रेट, अढी, वाहतूक व मुक्काम यांवर २२,००० रुपये आणि घरच्या दोघांची दहा दिवसांची मजुरी १०,००० रुपये धरली, तर एकूण खर्च ३२,००० होतो. ७५० किलो फळ ८० रुपयांनी विकले गेले, १५० किलो हलके फळ १५ रुपयांनी लगद्याला गेले आणि १०० किलो नासले, तर एकूण ६२,२५० रुपये मिळून ३०,२५० रुपये उरतात. म्हणजेच उभ्या सौद्यापेक्षा दहा हजार रुपये अधिक.

पण पावसाने ग्राहक आलाच नाही आणि विक्री सुमारे ६२० किलोंच्या खाली उतरली, तर याच आकड्यांत मेळ्याचा फायदा संपतो. घरची मजुरी हिशेबात न धरणारे कुटुंब ही सीमा कधी ओलांडली गेली हे ओळखतच नाही. म्हणून सर्व फळ एकाच वाटेने न पाठवता पहिल्या प्रतीचे मेळ्याला, मध्यम प्रतीचे बाजार समितीला आणि हलके लगद्याला, अशी विभागणी हितावह ठरते. टपालाने घरपोच आंबा पाठवण्याची सोय महामंडळाने डाक विभागाच्या साहाय्याने केली आहे. मेळ्यात जोडलेले ग्राहक त्या मार्गाने पुढेही टिकवता येतात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बागायतदाराला विसाराची गरज का पडते, हे समजून घेतल्याविना थेट विक्रीचा सल्ला पोकळ ठरतो. मोहोराच्या काळात पीककर्ज किंवा उत्पादक कंपनीकडून उचल मिळाली, तरच कुटुंब बाग हातात ठेवू शकते. पहिल्या वर्षी संपूर्ण बाग न राखता पाचवा हिस्सा मेळ्यासाठी ठेवण्याचा सल्ला अधिक व्यवहार्य आहे. दोन-तीन कुटुंबांनी एकच वाहन व एकच गाळा वाटून घेतल्यास खर्चही उतरतो.

आणखी एक गोष्ट नावाची. २०१८ साली हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. कोलारच्या फळाने उसने नाव घेण्याचे कारण नाही. बदामी म्हणूनच ते विकावे. गाळ्यावर बागेचे गाव, वाण आणि तोडणीची तारीख लिहिलेली साधी पाटी असली, तर पुढच्या हंगामात ग्राहक त्याच गावाचे नाव घेऊन फळ मागतो. उभ्या बागेच्या सौद्यात ही ओळख व्यापाऱ्याच्या गाडीबरोबर निघून जाते. मेळ्यातील गाळ्यावर ती कुटुंबाकडे राहते.