पहिली अभिनेत्री

१९१३ सालच्या मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रदर्शित झाला. पडद्यावरील चित्रे चालू-फिरू लागलेली पाहून लोक थक्क झाले. त्या चित्रपटात राणी तारामती होती. पण ती भूमिका करणारी व्यक्ती मात्र स्त्री नव्हती! उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंखे नावाचे गृहस्थ लुगडे नेसून तारामती झाले होते.

असे का झाले? त्या काळी नाटकांत स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत. बालगंधर्वांसारखे थोर नट त्यासाठीच नावाजले गेले. स्त्रीने लोकांसमोर उभे राहून अभिनय करणे कमीपणाचे मानले जाई. दादासाहेबांनी पुष्कळ शोध केला, परंतु या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही.

हा अडसर एका मायलेकींनी दूर केला. आईचे नाव दुर्गाबाई कामत आणि मुलीचे नाव कमला. पतीपासून विभक्त झाल्यावर दुर्गाबाईंनी पोटासाठी नाटकात काम पत्करले होते. समाजाने त्यांना नावे ठेवली. पण त्या डगमगल्या नाहीत. कमला तर चार वर्षांची असल्यापासूनच रंगभूमीवर वावरत होती.

त्याच वर्षी दादासाहेबांनी नाशिक येथे 'मोहिनी भस्मासुर' हा चित्रपट काढला. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि अवघ्या तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. ज्याच्या डोक्यावर हात ठेवावा तो भस्म होईल, असा वर मिळालेल्या भस्मासुराला मोहिनी नृत्यात गुंगवते. तिचे अनुकरण करता करता तो आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवतो व नाश पावतो, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हाचे चित्रपट मूक होते. नाटकात साथीला शब्द व सूर असत. येथे मात्र राग, लोभ, हर्ष हे सारे भाव केवळ चेहऱ्याने आणि हातवाऱ्यांनी प्रकट करावयाचे होते. कमलेने ते काम पार पाडले. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री म्हणून या मायलेकींची नावे घेतली जातात.

पुढे कमलेचा विवाह नाटक मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला आणि ती कमलाबाई गोखले झाली. परंतु ऐन तारुण्यात त्यांच्यावर वैधव्याचा घाला पडला. पदरी तीन लहान मुले होती. कमलाबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी रंगभूमीची कास धरली, प्रसंगी पुरुषांच्याही भूमिका केल्या आणि मुलांना वाढविले. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले व नातू विक्रम गोखले हे पुढे नामवंत नट झाले.

१९३१ साली भारतात बोलपट आला. मूकपटातील ही बालनटी बोलपटांतही काम करीत राहिली. १९८० सालच्या 'गहराई' या हिंदी चित्रपटातही त्या दिसल्या. तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षांचे वय गाठले होते! वार्धक्यात त्या पुण्यात राहत. १९९२ साली रीना मोहन यांनी त्यांच्या जीवनावर एक माहितीपट काढला. पुण्यातच त्यांचे निधन झाले.

कोणत्याही बंद दारावर पहिली थाप मारणाऱ्याला टीका सोसावी लागते. दार उघडल्यावर मात्र त्यातून अनेकजण सुखाने आत जातात. दुर्गाबाई आणि कमलाबाई यांनी ती पहिली थाप मारली.