शंकरपट बघायचा तर सुरुवातीच्या रेघेशी उभं राहा

अंबडला येणारा पाहुणा मत्स्योदरी देवीची टेकडी चढतो, अहिल्यादेवी होळकरांच्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या वास्तू बघतो आणि जालन्याकडे किंवा बीडकडे मार्गस्थ होतो. बैलांच्या खेळाचं मैदान कुठे आहे, असं त्याने विचारलं तर दाखवायला इथे काही नाही. स्पेनमधल्या रोंदा गावात बैलझुंजीचं 1785 सालचं गोल दगडी रिंगण उभं आहे, तिकीट काढून बघता येतं. आपल्याकडे सुगी आटोपली की कुणाच्या तरी मोकळ्या रानात पट आखतात, जत्रेच्या चार दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही आणि मिरगाच्या तोंडावर तेच रान पुन्हा पेरणीला तयार असतं. पटाला बांधलेली वास्तू नाही. त्यामुळे बघायचं काय आणि कुठून, हे ठाऊक असलेलं बरं.

मराठवाड्यात आणि विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांत नावाजलेला. तिथे बायकाही जोड्या हाकतात. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात त्याचा बैलगाडा होतो. तिथला 'घाट' म्हणजे चढाची धावपट्टी. चार बैल आणि पुढे घोडी, असा तो थाट. सातारा-सांगलीकडे छकडीची शर्यत. टीव्हीवर 'भिर्रर्र' ऐकून आपण सगळं एकच समजतो, पण नियम, अंतर आणि गाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

पटात दोन बैलांची जोडी आणि एक हलकी छकडी असते. रोजच्या बैलगाडीशी तिचं नातं नावापुरतंच: दोन चाकं, मधे दांडी, हाकणाऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढी जागा. धावपट्टी सरळ आणि सपाट. ढेकळं फोडून, दगडगोटे वेचून ती साफ केलेली असते. पूर्वी झेंडा पडला की शिट्टी आणि हातातलं घड्याळ असा कारभार होता, त्यावरून भांडणंही होत. आता बऱ्याच ठिकाणी दोन्ही टोकांना विजेवर चालणारं घड्याळ लावतात आणि सेकंदाच्या बारीक अंशावर निकाल लागतो. जोडी सुटते आणि काही सेकंदांत सारं संपतं. दिवसभर उन्हात बसून तुम्ही प्रत्यक्ष धावणं बघता ते मोजकी मिनिटं. बाकी वेळ जोड्या येणं, जुंपणं, हुज्जत आणि लाउडस्पीकर.

बहुतेक लोक शेवटच्या रेघेकडे गर्दी करतात, कारण निकाल तिथे लागतो. माझं म्हणणं आहे की सुरुवातीच्या रेघेशी उभं राहा. हा खेळ चांगला की वाईट, हा सगळा वाद त्या वीस-पंचवीस पावलांच्या जागेत आहे.

तिथे दिसतं ते असं. बैलांना धरायला चार-पाच जण लागतात. वेसण एकाच्या हातात, जू दुसऱ्याच्या खांद्याला लागलेलं. तयारीचा बैल रेघ ओळखतो: कान पुढे, अंगावरची कातडी थरथरते, पुढचा पाय माती उकरतो. अशा जोडीला हाक पुरते. धरणारे बाजूला झाले की ती आपणहून उधळते. दुसरी जोडी मात्र रेघेवर येऊन थिजते, मागे सरते, शेण टाकते, डोळ्यांतलं पांढरं दिसू लागतं. अशा वेळी पूर्वी पराणी बाहेर निघायची. पराणी या हाकायच्या काठीच्या टोकाला लोखंडी आर असते. नांगरटीत ती नुसती टेकवतात, पटात ती रुतायची. शेपूट पिरगळणं आणि प्रसंगी चावणं, चाबूक, विजेचा झटका, असे प्रकार न्यायालयांतल्या कागदपत्रांत नोंदले गेले ते याच जागेचे. शेवटच्या रेघेवर यातलं काहीच दिसत नाही. तिथे फक्त वेग दिसतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण पटाचा अलीकडचा इतिहास रानापेक्षा कोर्टातच जास्त घडला आहे. मूळ कायदा 1960 चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्यात कोणत्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत हे केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचं असतं. वाघ, अस्वल, माकड त्या यादीत आधीच होते. जुलै 2011 मध्ये त्यात बैलाची भर पडली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळासोबत महाराष्ट्रातल्या शर्यतींवरही बंदी घातली. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने अटी घालून सूट दिली, ती काही दिवसांतच न्यायालयाने रोखली. पुढच्या जानेवारीत जल्लीकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोक उतरले, तामिळनाडूने स्वतःची दुरुस्ती केली आणि महाराष्ट्राने त्याच वाटेने 2017 मध्ये आपली दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती मिळवली.

संमतीला इथे वजन आहे. प्राण्यांवरील क्रूरता हा समवर्ती सूचीतला विषय. केंद्राच्या कायद्याशी विसंगत असा राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीने त्या राज्यापुरता टिकू शकतो. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. बैल हा घोड्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, असा मुद्दा तिथे होता. त्यावर राज्य सरकारने बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवालच करून घेतला. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवण्याचं काम विधिमंडळाचं, असा त्या निकालाचा रोख होता.

म्हणून आज जो पट भरतो तो जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. आयोजकाने अर्ज करायचा, 50 हजारांची अनामत भरायची, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यायची. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको, दगडधोंड्याची किंवा दलदलीची नको, सार्वजनिक रस्त्यावर तर नकोच. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, सगळं बंद. मोडलं तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे कडक आहे. रानात ते किती उतरतं, हे तालुक्याचे अधिकारी आणि गावचे पुढारी यांच्यातल्या संबंधांवर ठरतं, हे सांगायला कुणी कायदेपंडित नको.

एक गोष्ट मात्र कोणत्याच दुरुस्तीने मोकळी केलेली नाही: बैलाला बैलाशी भिडवणं. गोव्यात त्याला धिरयो म्हणतात. पीक निघालेल्या शेतात दोन बैल शिंगं अडकवून एकमेकांना रेटतात आणि जो पाठ फिरवतो तो हरतो. प्राण्यांना झुंजवणं आणि त्यासाठी जागा चालवणं हे 1960 च्या कायद्यात थेट गुन्हे आहेत. 1996 मध्ये उच्च न्यायालयाने गोव्यातल्या धिरयोवर बंदी घातली. खेळ चोरून चालू राहिला आणि तो कायदेशीर करा ही मागणी अधूनमधून डोकं वर काढते.

स्पेनमध्ये उलटा प्रवास झाला. कातालोनिया प्रांताने 2010 मध्ये बैलझुंजीवर बंदी आणली, बार्सिलोनाच्या रिंगणात सप्टेंबर 2011 मध्ये शेवटचा खेळ झाला. मग देशाने 2013 मध्ये या खेळाला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि 2016 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने प्रांताची बंदीच रद्द केली. तिथे बैल रिंगणात मारला जातो, आपल्याकडे जिंकणाऱ्या बैलाची गुलाल उधळून मिरवणूक निघते. हा फरक मोठा आहे. पण पटाचे समर्थक तो पुढे करून आरेचा विषय टाळतात, ते मला पटत नाही.

समर्थकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ट्रॅक्टर आला आणि बैलाचं काम गेलं. 2012 च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर 6 कोटी 79 लाख होते, 2019 मध्ये ते 4 कोटी 74 लाखांवर आले. सात वर्षांत तीस टक्के घट. खिल्लार, देवणी, लाल कंधारी अशा जाती दावणीला टिकवायच्या तर शेतकऱ्याला त्यातून काही मिळायला हवं, आणि पटात नाव काढलेल्या बैलाला बाजारात किंमत येते. हे खरं आहे, पण अर्धंच. पटाला लागतात निवडक, चपळ, उंच खांद्याचे बैल, म्हणजे मुख्यतः खिल्लार. आपल्या मराठवाड्यातल्या देवणीच्या आणि लाल कंधारीच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही. ते ओढकामाचे, शांत. त्यांचं जगणं ठरतं गाईला दूध किती आणि पेंडीचा भाव काय यावर.

आणि ज्यांना बैलाच्या हालाची खरंच काळजी आहे, त्यांनी हंगामात अंबड भागातल्या साखर कारखान्यांच्या रस्त्यावरही एक चक्कर मारावी. पटातला बैल रिकामी छकडी घेऊन काही सेकंद पळतो. उसाच्या गाडीचा बैल खांद्याला घट्टे पडलेले घेऊन, डांबरावर नाल घसरत, मोळ्यांचा डोंगर ओढतो. त्याच्यासाठी 1965 पासून नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि जिथे तापमान 37 अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. मार्चमधल्या अंबडला हे किती लागू पडतं ते इथल्या कुणालाही विचारा. त्याच्यासाठी कुणी याचिका घेऊन दिल्लीला गेलेलं ऐकिवात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून ज्या खांद्याची मळणी होते, तो खांदा बहुतेक वेळा याच बैलाचा असतो.

पटाला जाणार असाल तर सकाळी जा, डोक्याला उपरणं आणि पाण्याची बाटली घ्या. शेवटच्या रेघेपलीकडे उभं राहू नका, कारण जोडी तिथे थांबत नाही. पुढचं रान मोकळं नसेल तर ती गर्दीत शिरते, अपघात होतात ते तिथेच. सुरुवातीला मंडपात परवानगीचा कागद आणि पशुवैद्यक आहे का ते विचारा. चांगला आयोजक स्वतःहून दाखवतो. मग रेघेशी जागा पकडा आणि धरणाऱ्यांच्या मोकळ्या हाताकडे लक्ष ठेवा. धरलेला हात सगळ्यांनाच दिसतो. आर असलीच तर ती दुसऱ्या हातात, बाहीत किंवा पंच्याच्या घडीत असते.