पंखावरचं तेल

आमच्या घरी एरंडेलाची कामं दोनच: वर्षाच्या तूरडाळीला चोळायचं आणि पोट बिघडलं की नाक दाबून घ्यायचं. तिसरं मी लावलं. विमानांच्या मॉडेलच्या इंजिनात घालायचं.

हे ग्लो इंजिन साडेसहा सीसीचं, मुठीत मावतं, पण मिनिटाला बारा-चौदा हजार फेरे मारतं. त्याला तेलाची वेगळी टाकी नसते. वंगण मिळायचं ते इंधनातूनच, म्हणून मेथॅनॉलमध्ये जवळपास पाचवा हिस्सा तेल. ते बेअरिंग भिजवत वर जातं आणि बरंचसं न जळताच सायलेन्सरमधून पंखावर येऊन बसतं.

सुरुवातीला मला वाटलं, तेल ते तेल. घरात स्कूटरचं टूटी ऑईल होतं, तेच घातलं. बरणी हलवली, मिश्रण दुधाळ झालं, मी खूश. सकाळी पाहतो तर तेलाचा थर तळाशी आणि वर नुसतं मेथॅनॉल. खनिज तेल त्यात विरघळतच नाही. एरंडेल मात्र दोन-चार हिसक्यांत एकजीव होतं. गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांनाही एरंडेलच लागे, पण उलट कारणाने: ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, धुऊन जात नाही म्हणून.

आता मेथॅनॉलमध्ये विरघळणारी सिंथेटिक तेलंही मिळतात. मग कुठलं घ्यायचं? यावर मैदानावर अक्षरशः एरंडाचं गुऱ्हाळ चालतं. सिंथेटिक स्वच्छ, पिस्टनवर थर धरत नाही. पण इंधन कमी-जास्त करणारी नीडल एखादी टिचकी जास्त आवळली गेली, किंवा टाकी संपता संपता मिश्रण पातळ पडलं, की इंजिन तापतं आणि त्या तापात सिंथेटिकचा थर आधी जळून जातो. एरंडेल अति तापलं की उलट दाट होतं, धातूला चिकटून राहतं. चिकटपणाची किंमतही मोजावी लागते. तपकिरी वार्निश साचतं आणि महिनाभर पडून राहिलेल्या इंजिनाचा पंखा बोटाने हलत नाही. मी हेअर ड्रायरने शेकतो, मग सुटतो.

माझं गणित असं: लिटरभर इंधनात २०० मिली तेल, त्यातलं ५० मिली एरंडेल, बाकी सिंथेटिक. जुन्या लोखंडी पिस्टनच्या इंजिनाला मात्र सगळं एरंडेलच. त्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. दिवसाअखेर टाकी रिकामी करून उरलंसुरलं इंधन जाळतो आणि दोन थेंब तेल सोडतो. मेथॅनॉल हवेतली ओल ओढतं, बेअरिंग गंजतात.

मग पंख पुसायचे. फडकं उजेडात धरून बघतो. डाग पिवळसर असेल तर ठीक. करडा दिसला, म्हणजे आत धातू झिजतोय. पुढच्या रविवारच्या बाटलीत एरंडेल वाढवतो.