अळी लहान असतानाच
परसबाग : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण माव्याचा बंदोबस्त पाहिला. मावा रस शोषतो, त्यामुळे झाड हळूहळू मलूल होत जातं आणि आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. अळीच्या बाबतीत तसं होत नाही. काल संध्याकाळी टवटवीत दिसलेलं फ्लॉवरचं रोप आज सकाळी नुसत्या शिरांवर उभं असतं. अळी रातोरात आली, असं आपण म्हणतो. खरं तर ती दीड-दोन आठवड्यांपासून तिथेच असते. लहान असल्यामुळे दिसत नाही, एवढंच.

अळी मोठी होताना चार-पाच वेळा कात टाकते. आयुष्यभरात ती जेवढं पान खाते, त्याचा बहुतांश भाग शेवटच्या अवस्थेत, कोषात जाण्याआधीच्या थोड्या दिवसांत खाते. आपल्या नजरेत भरणारं नुकसान याच दिवसांतलं. म्हणजे आपण धावतपळत फवारणीचा पंप आणतो, तोवर अळी निब्बर झालेली असते. कधी कधी तर मातीत उतरून कोषात गेलेलीही असते. म्हणून कोणतं औषध मारायचं, या प्रश्नाआधी अळी केवढी आहे ते बघायला हवं.

स्पोडोप्टेरा, म्हणजे आपल्याकडची पानं खाणारी अळी, हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, अळू, काहीच तिला वर्ज्य नाही. मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला एका पुंजक्यात दोन-तीनशे अंडी घालते आणि स्वतःच्या अंगावरच्या केसांनी तो पुंजका झाकते. पान उलटलं की बदामी, लवदार डाग दिसतो. तो पुसू नका, पानच तोडा. तीन-चार दिवसांत अंडी फुटली, तरी पिल्लं पहिले काही दिवस एकाच पानावर दाटीवाटीनं राहून त्यातला हिरवा गर खरवडतात. पान पांढरट, कागदासारखं पातळ होतं. हिरव्या झाडावर असं एखादंच पान लांबूनही ओळखू येतं. ते खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं, की अख्खी वीण एका झटक्यात संपते. हीच वेळ टळली तर अळ्या बागभर पांगतात, दिवसा मातीत दडून बसतात आणि मग रात्री बॅटरी घेऊन एकेक वेचत बसावं लागतं. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहणं मला कुठल्याही फवारणीपेक्षा मोलाचं वाटतं.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि त्याच दिवशी वापरून टाका. फवारणी संध्याकाळी करा, कारण यातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो. फवारा पानाच्या खालूनही बसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून अर्काला नावं ठेवू नका. तो लगेच मारत नाही. तो अळीची खाण्यावरची वासना घालवतो आणि तिला नीट कात टाकू देत नाही. साहजिकच बारक्या अळ्यांवर तो गुण दाखवतो, बोटाएवढ्या अळीवर फारसा नाही. तंबाखूचं पाणी मात्र पालेभाजीवर मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि ती भाजी शेवटी आपल्याच ताटात येते.

दुसरा भरवशाचा उपाय म्हणजे बीटी, अर्थात बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना १९०१ साली तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांमध्ये सापडला. त्याची भुकटी पाण्यात मिसळून फवारतात. अळीनं ते पान खाल्लं की तिच्या आतड्यात या जिवाणूतलं प्रथिन विरघळतं, आतडं लुळं पडतं, काही तासांत खाणं थांबतं आणि दोन-चार दिवसांत अळी मरते. पण ते पोटात गेलं तरच.

इथेच वांग्याची अडचण येते. वांग्यावरची अळी शेंड्यात किंवा फळात शिरून आतून पोखरते, त्यामुळे वरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. याच कारणासाठी बीटीचं जनुक थेट वांग्यात घालायचा प्रयत्न झाला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. घरच्या चार झाडांना कात्री पुरते. बाकी झाड ताजं असताना एखादाच शेंडा मान टाकतो, तेव्हा तो सुकलेल्या भागाच्या दोन बोटं खालून कापा आणि उभा चिरून बघा. आत गुलाबीसर अळी आणि तिची विष्ठा सापडेल. कापलेले शेंडे आणि भोक पडलेली वांगी बागेतल्या खतात टाकू नका, नष्ट करा.

आता कढीपत्ता आणि लिंबू. कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर जरा थांबा. ती फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीनं हलकेच स्पर्श करा: डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या ब्ल्यू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. झाड पुरुषभर उंच असेल तर चार फांद्यांची पानं गेल्यानं त्याचं काही बिघडत नाही. पुन्हा पालवी फुटते. रोप वीतभर असेल तर अळी उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडा. या दोन झाडांवर बीटी मारू नये, ही माझी कळकळीची विनंती. पतंगाची अळी आणि फुलपाखराची अळी यांत बीटी फरक करत नाही.

आणखी एक खूण ओळखून ठेवा. एखाद्या मरगळलेल्या अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ती अळी मारू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे कोष आहेत. ती अळी आता खाण्याच्या स्थितीत नसते, आणि त्या कोषांतून निघणाऱ्या चिमुकल्या माश्या बागेतल्या इतर अळ्या शोधून काढतात. कडुनिंबाखाली अजून पिवळ्या निंबोळ्या पडत असतील तर याच आठवड्यात वेचा, गर धुऊन काढा आणि बिया सावलीत वाळवून ठेवा. भाद्रपदात स्पोडोप्टेराचा जोर वाढतो, तेव्हा त्या हाताशी हव्यात.

(पुढील लेखांकात : मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी)